तंबोऱ्यात जीव कोठून येतो?

विद्यार्थिमित्रांनो, गावात अखंड हरिनाम सप्ताह बसला म्हणजे मंडपातले एक वाद्य सात दिवस खाली ठेवत नाहीत. ते वाद्य म्हणजे वीणा. एकाचा पहारा संपला की दुसरा वारकरी ती आपल्या गळ्यात घेतो. राहाता तालुक्यातल्या मुलांना हे सांगायला नकोच. तुमच्या भागात सप्ताह ठाऊक नाही असे गाव सापडणे कठीण. पुढच्या सप्ताहात एक करा. टाळमृदंग थोडा वेळ शांत असतील तेव्हा त्या वीणेजवळ जाऊन उभे राहा आणि नीट कान द्या. वीणेकरी बोटाने तार नुसती छेडतो, पण स्वर लगेच विझत नाही. तो झणकारत राहतो, किंचित फुलतो आणि मग हळूहळू ओसरतो. एका तारेच्या आत आणखी बारीक तारा वाजत आहेत की काय, असे वाटते.

मैफलीत गवयाच्या मागे वाजणारा तंबोरा हे याच वीणेचे मोठे भावंड. त्याचा स्वरही असाच भरलेला असतो.

आता त्याच्या शेजारी मेंडोलिन ठेवून पाहा. मेंडोलिनला पोलादी तारांच्या चार जोड्या असतात आणि प्रत्येक जोडीतल्या दोन्ही तारा एकाच स्वरात लावतात. नखीने तार छेडली की टणत्कार होतो आणि क्षणात विरतो. स्वर लांबवायचा असेल तर वादकाला नखी भराभर वरखाली हलवावी लागते. मुंबईचे संगीतकार सज्जाद हुसेन (१९१७–१९९५) यांनी या वाद्यावर राग वाजवून दाखवले. पण त्यासाठी त्यांना वाद्याच्या स्वभावाशी झुंजच घ्यावी लागली.

तारा दोन्हीकडे धातूच्याच आहेत. पोकळ पेटीही दोन्हीकडे आहे, एकीकडे लाकडाची तर दुसरीकडे भोपळ्याची. मग एकाचा स्वर विरतो आणि दुसऱ्याचा फुलतो, हे कसे? या प्रश्नाचे उत्तर जेमतेम तीन सेंटिमीटर रुंदीच्या एका पट्टीवर आहे. त्या पट्टीला घोडी म्हणतात. तिच्याकडे जाण्यापूर्वी, ती ज्यांच्या हातून तयार होते त्या लोकांची ओळख करून घेऊ.

तलवारीकडून तारेकडे

सांगली जिल्ह्यातील मिरज हे तंतुवाद्यांचे गाव. तेथील सतारी आणि तंबोरे देशभरच्या गवयांच्या घरी पोहोचले आहेत. या धंद्याचा आरंभ एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास झाला. त्याचे श्रेय फरीदसाहेब या कारागिराला देतात. फरीदसाहेब शिकलगार होते. शिकलगार म्हणजे हत्यारे घडवून, घासून, त्यांना धार आणि पाणी देणारा कारागीर. इंग्रजी अंमल स्थिरावला, संस्थानांची सैन्ये आटली आणि तलवारींना गिऱ्हाईक राहिले नाही. मिरजेत पटवर्धनांचे संस्थान होते, दरबारी गाणेबजावणे होते आणि गवयांची वाद्ये अधूनमधून नादुरुस्तही होत. दुरुस्ती करता करता फरीदसाहेब वाद्य जाणू लागले आणि पुढे स्वतःच घडवू लागले, असे मिरजेत सांगतात. त्यांच्या वंशजांनी धंद्यावरून ‘सतारमेकर’ असे आडनाव घेतले. मिरजेतील एका गल्लीलाही तेच नाव पडले आहे.

किराणा घराण्याचे थोर गायक अब्दुल करीम खाँ मिरजेतच स्थायिक झाले होते. १९३७ साली ते वारले. गाण्याइतकाच त्यांना वाद्यांच्या दुरुस्तीत रस होता आणि तंबोरा लावण्यात त्यांचा हातखंडा होता. असा कानाचा गिऱ्हाईक दारात असला म्हणजे कारागिराला ढिलाई परवडत नाही.

हत्यारे करणारा माणूस वाद्यांकडे वळला, यात विलक्षण काय, असे तुम्हाला वाटेल. पण थोडा विचार करा. पाते सरळ आहे की नाही, पृष्ठभागावर कोठे उंचवटा राहिला आहे, हे शिकलगार तिरप्या उजेडात पाहून आणि बोट फिरवून ओळखतो. मिलिमीटरच्या अंशाएवढा फरक त्याच्या हाताला कळतो. तंबोऱ्याच्या घोडीला नेमका हाच हात लागतो. काम मात्र उलटे. तलवारीत धार आणायची असते, घोडीतली धार घालवायची असते.

शेतात पिकणारी पेटी

तंबोऱ्याच्या पेटीचे काम करणारा भोपळा मिरजेत पिकत नाही. तो येतो सोलापूर जिल्ह्यातून, भीमेकाठच्या पंढरपूर-मंगळवेढा भागातून. राहात्याचा पेरू बागायतदार फळ टपोरे आणि गोड व्हावे म्हणून झटतो. तंबोऱ्याचा भोपळा पिकवणाऱ्याला गराशी कर्तव्य नसते. हा भोपळा असतोही कडू. शेतकऱ्याला हवे असते ते मोठे, गोल, जाड सालीचे आणि कोठेही डाग न पडलेले टरफल. वेलावर तो पूर्ण पिकू देतात, मग कित्येक महिने वाळवतात, कापतात आणि आतला गर व बिया काढून टाकतात. त्यावर लाकडाची पातळ तबली बसवतात, गळ्यापाशी लांब पोकळ दांडी जोडतात आणि तबलीच्या मध्यावर घोडी ठेवतात.

या साऱ्याची गरज काय? तार बारीक असते. ती हवेला कापत जाते, ढकलत नाही. म्हणून एकट्या तारेचा आवाज फारसा ऐकू येत नाही. तारेचे कंपन घोडीतून तबलीत उतरते, तबली थरथरते, आणि रुंद तबली पुष्कळ हवा हलवते. भोपळ्यातली हवा आणि त्याचे टरफल यांचीही साथ मिळते. मेंडोलिनमध्येही हीच व्यवस्था आहे. म्हणजे स्वराचा मोठेपणा पेटीने दिला, हे खरे. पण स्वराचे फुलणे पेटीतून येत नाही.

एका तारेत अनेक स्वर

ते कोठून येते हे समजण्यासाठी तार कशी कंप पावते ते पाहू. समजा, तंबोऱ्याची जोडाची तार दर सेकंदाला १३० कंपने करते. हा तिचा मूलस्वर, म्हणजे आपला षड्ज. त्याच वेळी ती दोन समान भागांतही कंप पावते. त्या कंपनांची संख्या २६०. तीन भागांत ३९०, चार भागांत ५२०, पाच भागांत ६५०. हे झाले उपस्वर. आता गंमत पाहा. २६० आणि ५२० हे वरच्या सप्तकांतले षड्ज आहेत. ३९० हा पंचम आहे. आणि ६५० भागिले ५२० केले तर ५/४ येतात. हे शुद्ध गांधाराचे गुणोत्तर! तंबोऱ्याची एकही तार गांधारात लावलेली नसते, तरी चांगल्या लागलेल्या तंबोऱ्यातून गांधार स्पष्ट ऐकू येतो. गवई त्याला ‘स्वयंभू गांधार’ म्हणतात. त्यात चमत्कार नाही. तो तारेचा पाचवा उपस्वर आहे.

पण हे उपस्वर तर मेंडोलिनच्या तारेतही असतात. ते तेथे इतके स्पष्ट का ऐकू येत नाहीत?

येथे एक जुना नियम आठवावा लागेल. इंग्रज शास्त्रज्ञ टॉमस यंग यांनी १८०० साली तो सांगितला. तार ज्या बिंदूवर छेडावी, त्या बिंदूवर ज्या उपस्वराचा निस्पंद असतो तो उपस्वर उमटत नाही. निस्पंद म्हणजे कंपनात स्थिर राहणारा बिंदू. जेथे तारेने स्थिर राहायचे तेथूनच तिला ओढले, तर ते कंपन सुरू व्हायचे कसे? म्हणून तार बरोबर मध्यावर छेडली तर २६०, ५२०, ७८० हे सम क्रमांकाचे सारे उपस्वर गैरहजर राहिले पाहिजेत.

नियम सरळ आहे आणि साध्या तारेवर तो पडताळूनही पाहता येतो. शिवाय बोटाच्या मऊ पेराने तार छेडली तर उंच उपस्वर मुळातच दुबळे निघतात. तंबोरा बोटाच्या पेरानेच आणि तारेच्या मध्याच्या आसपास छेडतात. म्हणजे पुस्तकाप्रमाणे पाहिले तर तंबोऱ्याचा आवाज अगदी बोथट निघायला हवा!

रामन यांच्या कानाने पकडलेली विसंगती

ही विसंगती चंद्रशेखर वेंकट रामन यांनी हेरली. तुम्हाला ते प्रकाशाच्या विकिरणामुळे आणि १९३० च्या नोबेल पारितोषिकामुळे माहीत आहेत. पण त्यांचे सुरुवातीचे पुष्कळसे संशोधन ध्वनीवर होते. १९०७ ते १९१७ या काळात ते सरकारी अर्थखात्यात अधिकारी होते. कलकत्त्यात ते कचेरीच्या वेळेपूर्वी आणि नंतर ‘इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स’ या संस्थेच्या प्रयोगशाळेत जाऊन बसत. व्हायोलिनवर त्यांनी काम केले, मृदंग-तबल्यावर केले, आणि १९२१ साली वीणा आणि तंबोरा या वाद्यांवर एक छोटासा निबंध प्रसिद्ध केला. त्याच वर्षी ते विलायतेच्या प्रवासाला निघाले आणि समुद्राच्या निळाईने त्यांना प्रकाशाकडे खेचले.

त्या निबंधातला मुद्दा थोडक्यात असा. तंबोऱ्याची तार एखाद्या उपस्वराच्या निस्पंदावर छेडली, तरी तो उपस्वर गैरहजर नसतो. उलट तो चांगला जोरात ऐकू येतो. यंग यांचा नियम येथे लागू पडत नाही. आणि याचे कारण घोडीच्या आकारात आहे, असे रामन यांनी दाखवून दिले.

लक्षात घ्या, यंग यांचा नियम चुकीचा नव्हता. तो एक गोष्ट गृहीत धरून चालतो. ती म्हणजे, तारेचे दोन्ही टोकांचे आधार अचल आणि धारदार आहेत. व्हायोलिन, गिटार, मेंडोलिन यांच्या घोडीची वरची कड अरुंद असते. तार तेथे एका ठिकाणी टेकते आणि तेथेच तिची कंप पावणारी लांबी संपते. तंबोऱ्याच्या घोडीला अशी कडच नसते.

घोडीवर काय घडते?

तंबोऱ्याची घोडी रुंद असते आणि तिचा माथा किंचित फुगीर असतो. इतका किंचित, की वरवर पाहणाऱ्याला तो सपाटच वाटतो. तार या माथ्यावरून अगदी लगटून जाते. तार वर गेली की ती घोडीपासून सुटते, खाली आली की घोडीच्या उतारावर चिकटते. तार खालीवर होताना तिचा टेकण्याचा बिंदू पुढेमागे सरकतो. म्हणजेच प्रत्येक कंपनात तारेची लांबी क्षणभर कमी होते आणि पुन्हा वाढते.

सेकंदाला १३० वेळा तार अशी घोडीवर लोळते आणि प्रत्येक वेळी घोडी तिला बारीकसा धक्का देते. या धक्क्यांमुळे तारेच्या सावकाश कंपनांतली ऊर्जा वेगवान कंपनांकडे वळते. ही ऊर्जा नव्याने निर्माण होत नाही, केवळ एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जाते. पण हे एका झटक्यात होत नाही, थोडे थोडे होत राहते. म्हणून उंच उपस्वर छेडल्याबरोबर न येता मागाहून फुगतात. वीणेजवळ उभे राहून तुम्ही जे ‘फुलणे’ ऐकले ते हेच. पुढे अतिवेगवान कॅमेरे आणि संगणक आले आणि तारेचे हे घोडीवरचे लोळणे प्रत्यक्ष पाहता व मांडता येऊ लागले.

आणखी एक लहानशी वस्तू राहिली. तंबोऱ्याची घोडी जवळून पाहिली तर प्रत्येक तारेखाली सुती दोऱ्याचा एक तुकडा दिसेल. त्या दोऱ्यामुळे तार केसभर उचलली जाते आणि घोडीचा पुढचा उतार तारेच्या अगदी खाली, स्पर्श होईल न होईल अशा अंतरावर येतो. दोरा थोडा पुढेमागे सरकवला की आवाज एकदम बदलतो. एका जागी तो बंद, दुसऱ्या जागी नुसताच खरखरीत, आणि मधल्या एकाच जागी झणकार मोकळा होतो. या झणकाराला आणि घोडीच्या त्या घडणीलाही ‘जवारी’ म्हणतात.

ही युक्ती फरीदसाहेबांची नव्हे, रामन यांची तर नव्हेच. ती फार जुनी आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ लिहिला. त्यात तार आणि घोडी यांच्यामध्ये बसवायच्या एका बारीक तुकड्याचे वर्णन आहे. त्या तुकड्याला त्याने नाव दिले आहे ‘जीवा’. दोऱ्याच्या जागी तेव्हा बांबूचा तुकडा होता, एवढाच फरक. वाद्य करणाऱ्यांनी ही गोष्ट कानाने शोधली आणि शतकानुशतके हाताने जपली. भौतिकशास्त्राने ती समजावून सांगितली, तीही बऱ्याच उशिरा.

करून पाहा

आता हे सारे स्वतः पडताळून पाहा. शाळेच्या प्रयोगशाळेत सोनोमीटर असेलच. शिक्षकांच्या देखरेखीखाली प्रयोग करा. तारेला बेताचेच वजन लावा आणि चेहरा तारेपासून दूर ठेवा, कारण तुटलेली तार चाबकासारखी उसळते.

पहिला भाग : दोन्ही टोकांना नेहमीच्या धारदार घोड्या ठेवा. तारेचा मध्यबिंदू मोजून खूण करा. तार बरोबर त्या खुणेवर बोटाच्या पेराने छेडा आणि लगेच त्याच खुणेवर पिसाने हलकेच स्पर्श करा. आवाज जवळजवळ नाहीसा होईल. कारण मध्यावर छेडल्याने केवळ विषम उपस्वर उमटले होते, आणि मध्यावरच्या स्पर्शाने ते सगळे थांबले.

दुसरा भाग : सुमारे ३ सेंटिमीटर रुंदीची कठीण लाकडाची पट्टी घ्या. बारीक पॉलिश कागदाने तिचा माथा असा घासा की दोन्ही कडा मध्यापेक्षा अगदी थोड्या खाली जातील. एका धारदार घोडीच्या जागी ही पट्टी ठेवा. पट्टीवरून तार पलीकडे किंचित उतरती जाऊ द्या. पट्टी आणि तार यांच्यामध्ये शिवणाचा दोरा घाला आणि तो सावकाश सरकवत तार छेडत राहा. चिकाटी ठेवा. एका जागी आवाज उघडेल. आता मध्यावर छेडून मध्यावरच पिसाचा स्पर्श करण्याचा प्रयोग पुन्हा करा. जवारी जमली असेल तर मूलस्वर थांबेल, पण वरचा षड्ज ऐकू येत राहील. यंग यांच्या नियमाप्रमाणे जो असायलाच नको होता, तो हा उपस्वर!

मोबाइलवर ध्वनीचा वर्णपट दाखवणारे ॲप मिळाले तर दोन्ही वेळचे आलेख काढून शेजारी शेजारी ठेवा. हा प्रयोग विज्ञान प्रदर्शनात मांडण्याजोगा आहे.

जे अजून हातातच आहे

पट्टी घासताना एक गोष्ट तुमच्या लक्षात येईल. जवारी का लागते हे आता तुम्हाला कळले आहे, पण ती लावणे त्यामुळे सोपे झालेले नाही. थोडे जास्त घासले की आवाज बिघडतो, आणि घासलेले लाकूड परत येत नाही. तारेची जाडी बदलली, स्वर चढवला, गायकाची आवड बदलली, की जवारी वेगळी लागते. कोणाला ती उघडी, झणझणीत हवी असते, तर कोणाला बंद आणि गोल. मिरजेचा कारागीर कानसेचे दोन हात मारतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा दोन हात मारतो. त्याच्याजवळ मोजपट्टी नसते असे नाही, पण शेवटचा निर्णय कान देतो.

घोडीसाठी पूर्वी हस्तिदंत आणि सांबरशिंगही वापरत. त्यांच्या व्यापाराला कायद्याने बंदी झाल्यावर कारागिरांना हाडाकडे, शिसवीसारख्या कठीण लाकडाकडे आणि कृत्रिम पदार्थांकडे वळावे लागले. प्रत्येक पदार्थाचा स्वभाव हाताने नव्याने शिकावा लागला. इकडे गायनाच्या वर्गांत इलेक्ट्रॉनिक तंबोरा आला आणि त्यामागून मोबाइलवरचा तंबोराही आला. ते सोयीचे आहेत. त्यांना भोपळा लागत नाही आणि जवारीही काढावी लागत नाही. पण ते ज्या आवाजाची नक्कल करतात तो आवाज मुळात घासलेल्या घोडीचा आहे. भीमेकाठी भोपळा पिकवणारा शेतकरी आणि मिरजेत जवारी काढणारा कारागीर, या साखळीतला एक दुवा निखळला तर मूळ आवाज पुन्हा जुळवणे केवळ सूत्रांवरून जमणार नाही. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. नावाला संरक्षण मिळाले हे चांगलेच झाले. पण हाताला संरक्षण मिळते ते तो हात शिकणारे कोणी पुढे आले तरच.

तुमच्या गावच्या मंदिरात किंवा शाळेत एखादी जुनी वीणा किंवा तंबोरा अडगळीत पडला असेल. तो ‘बसला’ आहे, आता वाजत नाही, असे कोणी म्हटले तर लगेच विश्वास ठेवू नका. घोडीवर बोट फिरवून पाहा. वर्षानुवर्षे घासून तारांनी तेथे बारीक चऱ्या पाडलेल्या असतात. भोपळा शाबूत असेल आणि दांडी वाकलेली नसेल, तर पुष्कळदा त्या चऱ्या घालवून नवी जवारी काढणे एवढेच काम उरलेले असते. ते मात्र स्वतः करू नका. जाणत्या हाताकडे न्या, आणि तो हात काय करतो ते शेजारी बसून पाहा.